फोटो पुरा उतरेपर्यंत

निंबाच्या वस्तीवरून बोरखळीच्या शाळेत यायचं तर पाटाच्या कडेनं दोन किलोमीटर चालावं लागतं. एका अंगाला पाट, दुसऱ्या अंगाला ऊस. ऊस असा माजलेला की आत ट्रॅक्टर उभा केला तरी वाटेवरून दिसू नये. बिबट्याला तर त्याच्या निम्म्यानंही भागतं.

दिवाळीनंतर पाटावर बिबट्याची मादी दिसायला लागली, तेव्हा गावानं मिळून चार कॅमेरे आणले आणि वाटेवरच्या झाडांना बांधले. समोर काही हललं की कॅमेरा फोटो काढायचा आणि आपल्या पोटातल्या सिमकार्डावरून तो ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर धाडायचा. तिथं 'आलेले' नावाचं एक फोल्डर होतं. सगळे फोटो त्या फोल्डरात येऊन पडायचे, आणि ते बघायचं काम राहीबाईकडं होतं.

राहीबाई साठी ओलांडलेली. सगळा जन्म उसाला पाणी देण्यात गेला. चाळिशीनंतर साक्षरतेच्या वर्गात बसून ती अक्षरं शिकली होती. कुठलाही कागद वाचताना ती ओळीखाली बोट धरायची आणि शेवटच्या अक्षरापर्यंत बोट गेल्याशिवाय मान वर करायची नाही. सरपंचांनी तिला हे काम दिलं ते याच कारणानं. बाकीच्यांना फोटो दाखवले की ते दोन फोटोंमध्ये एकदा मोबाईल बघायचे.

कामही तसं साधं होतं. पहाटे साडेपाचला कचेरी उघडायची. दर पंधरा मिनिटांनी फोल्डर उघडून नवे फोटो बघायचे. सात वाजून वीस मिनिटांनी भोंग्यावर सांगायचं, "वाट मोकळी हाय, पोरं सोडा." नाहीतर सांगायचं, "थांबा." तिचा आवाज ऐकूनच वस्तीवरची सतरा पोरं दप्तरं उचलायची. दोन महिने असं चाललं.

मग एक दिवस चुकलं. सव्वासातला राहीबाईनं बघितलं, तेव्हा फोल्डरात एका कुत्र्याशिवाय काही नव्हतं. सात वीसला ती भोंग्यावर बोलली. मधल्या पाच मिनिटांत, सात वाजून सतरा मिनिटांनी, तिसऱ्या कॅमेऱ्यानं बिबट्याचा फोटो धाडला होता. तो तिला दिसला साडेसातला. शिपाई कानिफनाथ मोटारसायकल घेऊन पाटावर सुटला. पोरं निम्म्या वाटेवर बोरं वेचत होती. कुणाला ओरखडाही नव्हता. पण त्यांना शाळेत पोचवून कानिफनाथ माघारी आला, तेव्हा ओल्या मातीत त्याला पोरांच्या बुटांचे ठसे दिसले आणि त्या ठशांवर पंजे उमटलेले दिसले. पोरं पुढं गेल्यावर जनावर त्याच वाटेवर उतरलं होतं.

त्या दिवसापासून वस्तीनं पोरं घरी ठेवली. वस्तीवर दगडाबाईचा शब्द चालायचा. तिची नात निकिता सातवीत होती. दगडाबाईनं फोन करून स्पष्टच सांगितलं, "राहीबाई, तुझ्यावर राग न्हाई माझा. पन तुझ्या बोलन्यावर आता पोरगी सोडायची न्हाई."

शिवी दिली असती तर राहीबाईनं परत दिली असती. हे मात्र आत जाऊन बसलं. पोरं शाळेत यायला हवीत, आणि यायला हवीत ती आपल्याच शब्दावर, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं.

नऊ दिवस शाळेतला एक बाक रिकामा, दुसऱ्यावर एकच पोर, असं चाललं. दहाव्या दिवशी राहीबाईनं सावेडीला फोन लावला. तिच्या भावाची मुलगी अश्विनी तिथं राहायची आणि घरात बसून कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायची. शनिवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन ग्रामपंचायतीत हजर झाली.

"आत्या, तू नक्की कसं बघायचीस ते सांग," ती खुर्ची ओढत म्हणाली.

"कसं म्हंजे? घड्याळ बघायचं आन् फोल्डर उघडायचं. पंधरा मिन्टं लई झाली, ही माझी चूक. आता दर मिन्टाला उघडीन."

"दोन तास, दर मिनिटाला?"

"उसाला बारा बारा तास पानी दिलंय मी."

कानिफनाथ दारात उभा होता. तो म्हणाला, "आक्का, दर मिन्टाला म्हंजे तुमाला चहा बशीत वतता यायचा न्हाई."

"तू तुझा चहा पी, कानिफ."

अश्विनी हसली, पण सोडलं नाही. "काका बरोबर बोलतायत. ही झाली फेरी मारायची पद्धत. आपण फोल्डरकडं जायचं आणि विचारायचं, काही आलं का. दोन फेऱ्यांच्या मध्ये जे येईल ते पुढच्या फेरीपर्यंत तसंच पडून राहणार. फेऱ्या वाढवल्या तर माणूस दमतं. शंभर वेळा काही नाही असं बघितलं की पुढच्या वेळी ते नुसतं बघितल्यासारखं करतं."

"मी न्हाई करनार."

"त्या दिवशी भोंग्यावर बोलल्यावर परत कधी बघितलंस?"

राहीबाईनं कोपऱ्यातल्या स्टोव्हकडं बघितलं. "चहा टाकला हुता," ती म्हणाली. कानिफनाथनं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

"म्हणून दुसरी पद्धत," अश्विनी म्हणाली. "आपण जायचंच नाही. कॉम्प्युटरला सांगून ठेवायचं, या फोल्डरात नवीन काही पडलं की तूच हाक मार. फोटो त्याच्याच हातून आत ठेवला जातो, त्यामुळं त्याला त्याच क्षणी कळतं."

"त्येला कळत हुतं तर दोन म्हैने गप का बसला?"

"त्याला कुणी विचारलं नव्हतं, आत्या."

हे राहीबाईला पटलं. न विचारता बोलायचं नाही ही सवय तिला माणसांतही आवडायची.

अश्विनीनं दुपारपर्यंत प्रोग्रॅम लिहिला. फोल्डरात फोटो पडला की प्रोग्रॅम तो लगेच तपासणार आणि यादीत त्याच्यापुढं तीनपैकी एक शब्द लिहिणार: माणूस, जनावर किंवा रिकामं. जनावर असेल तर आवाज करणार. आवाज कसला ठेवायचा यावर अर्धा तास गेला. अश्विनीनं आधी घंटा ठेवली होती. कचेरीसमोरच मारुतीचं देऊळ, तिथं सकाळभर घंटा वाजत असते, म्हणून ती काढून टाकली. कानिफनाथ म्हणाला, म्हशीचं हंबरणं ठेवा. शेवटी राहीबाईनं कुकरची शिट्टी ठेवायला सांगितली. "ती आयकली की बाईमानूस कुटूनबी पळत येतं," ती म्हणाली.

संध्याकाळी परीक्षा घेतली. अश्विनी सायकलवरून पहिल्या कॅमेऱ्यासमोरून गेली, यादीत आलं: माणूस. शेळी गेली, शिट्टी झाली. मग कानिफनाथ घोंगडी पांघरून हातापायांवर गेला, आणि त्यालाही शिट्टी झाली. गावात ही बातमी भोंग्याशिवाय पोचली. दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेला प्रत्येक जण त्याला विचारत होता, "कानिफ, चारा खाल्ला का?"

सोमवारी खरी वेळ आली. राहीबाईनं दगडाबाईला फोन करून सगळं समजावलं. दगडाबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सात वीसला फोन करते. पोरं तयार ठिवते. बगू तुझा कुकर."

सकाळी धुकं होतं. सहाला दुसऱ्या कॅमेऱ्यानं डेअरीवर निघालेला माणूस धाडला. साडेसहाला पहिल्यानं कुत्रं धाडलं, शिट्टी झाली, राहीबाईनं बघून सोडून दिलं. सात सोळाला तिसऱ्या कॅमेऱ्याचा फोटो आला. शिट्टी झाली नाही. यादीत शब्द उमटला: रिकामं.

"वाऱ्यानं उसाचं वाळलं पाचट हललं असेल," अश्विनी म्हणाली. "आत्या, चार मिनिटं राहिली. भोंगा चालू करायला सांग काकांना."

राहीबाईनं तो फोटो उघडला. रिकामं लिहिलेले फोटो उघडायची गरज नाही असं अश्विनीनं दोनदा सांगितलं होतं, तरी ती प्रत्येक फोटो उघडत होती. तिनं पडद्यावर बोट टेकवलं आणि वरून खाली आणलं. धुरकट आभाळ. बाभळीची फांदी. उसाचे शेंडे. उसाची पाती. मग एकदम राखाडी रंग, खालपर्यंत, सारवलेल्या भिंतीसारखा.

"खाली काय हाय?" तिनं विचारलं.

"खाली काही नाही. ते राखाडी आहे नुसतं."

"वाट कुटं हाय?"

अश्विनी पडद्याकडं वाकली.

"पाटावरचा फोटो हाय," राहीबाई म्हणाली, "आन् त्यात पाट न्हाई. मला आख्खा फोटो बगायचा."

तेवढ्यात फोन वाजला. "काय गं, सोडू का?" दगडाबाईच्या मागं पोरांचा कालवा ऐकू येत होता.

"थांब."

"शिट्टी झाली का?"

"न्हाई झाली. तरी थांब."

"मंग कशापायी थांबू? दप्तरं लावून हुबी हाईत पोरं."

"मी फोटो पुरा बगितला न्हाई, म्हनून. फोन चालू ठिव."

अश्विनीनं फोटो मिटवून परत उघडला. राखाडी रंग दोन बोटं खाली सरकला होता. त्या जागी उसाची आणखी पाती आली होती. तिनं परत मिटवला, परत उघडला. उसाचं बूड दिसलं. तिसऱ्या कॅमेऱ्यापाशी रेंज आधीच कमी, त्यात धुकं. फोटो वरच्या कडेपासून थोडा थोडा येत होता. कॅमेरा कानिफनाथनं शेळ्यांनी पट्टा खाऊ नये म्हणून उंच बांधला होता, त्यामुळं वरचा सगळा भाग आभाळ आणि ऊस, आणि वाट अगदी तळाला.

चौथ्यांदा उघडल्यावर वाट आली. वाटेच्या कडेला मादी बसली होती. एखादी मांजर उंबऱ्यावर बसावी तशी, पंजा चाटत. तिच्या पाठीमागं पाचटातून पिलाचे दोन कान वर आले होते.

शिट्टी झाली नाही. यादीत अजूनही लिहिलेलं होतं: रिकामं.

राहीबाईनं माईक हातात घेतला. आवाज नेहमीचाच होता. "निंबाच्या वस्तीवाल्यांनो, थांबा. तिसऱ्या कॅमेऱ्यापाशी बिबट्या हाय. संगं पिल्लू हाय. पोरं घरात घ्या, शेळ्या बांधा. पाटावर कुनी जाऊ नका." हेच तिनं तीनदा सांगितलं. मग फोन कानाला लावला. पलीकडं कालवा थांबला होता.

"आयकलं," दगडाबाई म्हणाली. एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

अश्विनीचा चेहरा उतरला होता. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "फोटो आल्या आल्या बघ, असं मी त्याला सांगितलं. त्यानं बघितला तेव्हा निम्मासुद्धा आला नव्हता. निम्म्यात काही नाही, म्हणून त्यानं रिकामं लिहिलं आणि तो विषय त्याच्यापुरता मिटला. उरलेला कधी आला ते त्यानं परत बघितलंच नाही."

"म्हंजे घाई केली त्येनं."

"घाई मी शिकवली त्याला."

राहीबाईनं खुर्ची तिच्याकडं वळवली. "तू उसाला कदी पानी दिलं न्हाईस. आयक. सरीत पानी सोडलं की त्याची जीभ पुढं पळती. शेवटाला जाऊन टेकती. नवा गडी ती बगतो आन् म्हनतो, पोचलं पानी, आन् बारं मोडून, म्हंजे बांध फोडून, पानी दुसऱ्या सरीला लावतो. मंग शेवटचा ऊस वाळतो. पानी टेकलं म्हंजे सरी भरली न्हाई."

"मग भरली हे कसं कळतं?"

"पान्याच्या कडंला काडी रवायची. जरा थांबायचं. पानी काडीच्या वर गेलं, तर अजून चढतंय. परत रवायची. काडी हाय तिथंच राहिली, म्हंजे पानी हुबं राहिलं. मंगच बारं मोडायचं."

अश्विनीनं लॅपटॉप पुढं ओढला. "येतं असं करता. फोटो आला की नुसतं त्याचं वजन, म्हणजे फाईल किती मोठी झाली ते, लिहून ठेवायचं. दहा सेकंदांनी परत वजन करायचं. वाढलं असेल तर थांबायचं, आणि लागोपाठ तीनदा तेवढंच भरलं की मग तपासायचा." तिची बोटं चालू झाली आणि मध्येच थांबली. "पण आत्या, रेंजच तुटली तर? वजन वाढायचं थांबेल, आणि फोटो तर अर्धाच असेल."

"वर कुनी पाट फोडला तर पानी तसंच थांबतं की. म्हनून काडीवर सगळं सोडायचं न्हाई. सरीच्या शेवटाला जाऊन बगायचं, माती भिजली का."

"शेवट बघता येतो," अश्विनी म्हणाली. "प्रत्येक फोटोच्या अगदी शेवटी एक ठरलेली खूण असते. ती खूण सापडली तरच फोटो पुरा." ती आता पुटपुटत लिहीत होती. "पुरा नसेल तर रिकामं लिहायचं नाही. लिहायचं, अर्धा. आणि अर्धा म्हणजे जनावर असल्यासारखीच शिट्टी."

"आसं," राहीबाई म्हणाली.

दुपारी दोघी जेवायला बसल्या. भाकरी मोडता मोडता राहीबाईनं पुढचा प्रश्न काढला. "लाईट गेली आन् आली, तर तुझ्या प्रोग्रॅमला मधलं कळनार का?"

अश्विनीचा घास हातात राहिला. कॉम्प्युटर चालू होताच अडकलेले फोटो येऊन पडणार, आणि प्रोग्रॅम जागा होण्याआधी आलेल्यांची हाक त्याला कुणी मारलेली नसणार. जागा झाल्यावर तो फक्त पुढचे ऐकणार. कॉम्प्युटरला बॅटरी होती, पण बॅटरीचाही काय भरवसा.

"म्हंजे माझी फेरी पायजेच," राहीबाई म्हणाली. तिला मनातून बरं वाटलं, आणि तिनं ते लपवलंही नाही.

"पाहिजेच. पण फेरी मी त्यालाही लावते. जागा झाला की आधी सगळं फोल्डर पहिल्यापासून मोजायचं, यादीत नसलेलं काढायचं. आणि पुढं दर दोन मिनिटांनी तेच. हाक आली तर उत्तम, हुकली तर फेरीत सापडेल. तू डोळ्यांनी बघ, पण दमेपर्यंत नको."

"दोन्ही ठिव. आमी पाटावर पानी सोडनाऱ्या पाटकऱ्याची हाळी आयकायचो, आन् तरीबी रानात चक्कर टाकायचो."

संध्याकाळपर्यंत प्रोग्रॅम नवा झाला. राहीबाईनं कानिफनाथला तिसऱ्या कॅमेऱ्यापाशी धाडायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून पहिल्या कॅमेऱ्याच्या अँटेनाला पत्रा गुंडाळून त्याची रेंज मुद्दाम कमी करून बघितली. फोटो हळूहळू आला. यादीत त्याच्यापुढं आधी 'येतोय' असं आलं, मग बराच वेळ तसंच राहिलं, मग 'माणूस' झालं. मध्येच त्यांनी नेट तोडून बघितलं. 'अर्धा' आलं आणि शिट्टीनं कचेरी दणाणली. देवळातला पुजारी बाहेर येऊन म्हणाला, "डाळ शिजली का?"

मंगळवारी साडेसहाला दगडाबाई स्वतः कचेरीत आली. एका पुतण्याच्या जीपमधून, पाटाची वाट टाळून, मोठ्या रस्त्यानं. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. तिनं चहा नको म्हटलं आणि राहीबाईच्या शेजारी स्टूल ओढून बसली.

"कालचं मी आयकलं," ती म्हणाली. "तुझ्या भाचीनं फोनवर यादीबद्दल सांगितलं ते थोडं कळलं, थोडं न्हाई. मला एकच सांग. ह्यो डबा झोपला, लाईट गेली, तू पडलीस, कानिफ्या मेला..."

"मी का?" कानिफनाथ म्हणाला.

"...तर माझ्या पोरांना कसं कळायचं?"

राहीबाईनं याचा विचार रात्रीच करून ठेवला होता. "तर मी बोलनार न्हाई. आन् मी बोलले न्हाई, तर पोरं निगनार न्हाईत. आजपासून भोंगा गप म्हंजे वाट बंद. 'थांबा' आयकू आलं न्हाई म्हनून कुनी निगायचं न्हाई. 'वाट मोकळी' आयकलं तरच निगायचं."

दगडाबाईनं तिच्याकडं बघितलं. मग स्टूल थोडं पुढं घेतलं, पडदा दिसेल असं.

सात चौदाला तिसऱ्या कॅमेऱ्याचा फोटो यायला लागला. यादीत उमटलं: येतोय. दगडाबाईनं पदर तोंडाशी नेला. अश्विनी काही बोलणार होती, राहीबाईनं हातानं थांबवलं. सात सोळा. सात सतरा. फोन वाजला, दगडाबाईनं तो कापला. सात वीस झाले. कानिफनाथ माईकपाशी उभा राहून राहीबाईकडं बघत होता.

"टाइम झाला, आक्का."

"फोटोचा न्हाई झाला."

सात बावीसला शब्द बदलला: माणूस. राहीबाईनं फोटो उघडला, बोट वरून खाली नेलं, आभाळापासून पाटाच्या पाण्यापर्यंत. उसाला पाणी द्यायला निघालेला गडी, खांद्यावर फावडं. वाटेवर दुसरं काही नाही, पाचटात काही नाही. तिनं चारही कॅमेऱ्यांची यादी पहिल्यापासून वाचली. येतोय असं कुठं नव्हतं, अर्धा असं कुठं नव्हतं. मग तिनं दगडाबाईकडं बघितलं.

"तुला काय दिसतं?"

"मला काय इचारती?" दगडाबाई म्हणाली. "माईक तुझ्या हातात हाय. बोल."

राहीबाई बोलली. "निंबाच्या वस्तीवाल्यांनो, वाट मोकळी हाय. पोरं सोडा."

सात तेहेतीसला चौथ्या कॅमेऱ्याचा, वस्तीजवळचा फोटो यायला लागला, त्याच्यामागं आणखी एक, आणखी एक. कॅमेऱ्याला आज उसंत नव्हती. येतोय, येतोय, माणूस. येतोय, माणूस. राहीबाई एकेक उघडत होती. दोन वेण्या. टोपी घातलेला बारका. दप्तर डोक्यावर घेतलेला एक जण. पुढं मोठी, मागं लहान, आणि सगळ्यांत शेवटी काठी घेतलेल्या दोन आया.

एका फोटोत निकिता कॅमेऱ्याच्या अगदी खाली उभी होती आणि मान वर करून जीभ बाहेर काढत होती.

"बग कशी करती!" दगडाबाई स्टुलावरून उठली. "बिबट्या हिंडतोय आन् हिला नाटकं सुचत्यात. येऊ दे शाळंत, मी फाटकातच हुबी राहते."

"बस की," राहीबाई म्हणाली. "तीन कॅमेरे राहिल्यात अजून."

दगडाबाई बसली. तिसऱ्या कॅमेऱ्याचा पहिला फोटो यायला लागला होता, आणि दोघी तो पुरा उतरायची वाट बघत बसल्या.